राखेचा डबा

जऊळका रेल्वे,
२२ एप्रिल २०२४

सौ. भागिरथाबाई विहीणबाईंना बेबीबाईचा सप्रेम जय भीम.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण तुमच्याकडचा फोन पौर्णिमा उचलते आणि उचलल्या उचलल्या स्पीकर लावते. विहिणी-विहिणींचं बोलणं मुलीने कशाला ऐकायचं? तिचे बाबा रेल्वेत गँगमन होते तेव्हा कधी या स्टेशनावर तर कधी त्या, म्हणून मला पत्रांची सवय आहे. हे पत्र डब्यात लाडवांच्या वर ठेवलंय. उकंडराव मसालेवाले बाजाराच्या फेरीत मेडशीला येतात, त्यांच्याजवळ डबा देते.

आधी तुमचे आभार मानते. विहाराच्या अंगणात लग्न, वरण-भात-पोळी आणि बुंदी, संपलं. "पोरगी द्या, भांडंकुंडं काही नको," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला वाटलं, हे बोलायपुरतं असेल. पण तुम्ही खरंच काही घेतलं नाही. आमच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. मी मात्र तुमचे उपकार विसरणार नाही.

आता राग मानू नका, एक विचारते. जयंतीला पौर्णिमा दोन दिवस आली होती. तीच का ही, असं मला झालं. खोलीतून निघताना पंखा बंद करते! लग्नाआधी हिचा पंखा ही कॉलेजातून परत येईपर्यंत फिरत असायचा. मी दुधाचं भांडं घासायला टाकत होते तर माझा हात धरला आणि म्हणाली, "माय, फेकून काहून राह्यली? इसळून ते पाणी कणकीत टाक." चहा गाळल्यावर चोथा उन्हात वाळत घातला. पेल्यात पाणी अर्धंच घेते, लागलं तर पुन्हा घेते. माझ्या घरात कधी काही कमी नव्हतं असं मी म्हणत नाही, पण पगार होता, बाजार जवळ होता, मी मुलीला हिशेबाने कधी वाढलं नाही. तिला विचारलं तर नुसती हसते. आईच्या मनाला लागतं हो.

बेसनाचे लाडू पाठवते. तूप सढळ हाताने घातलंय. पौर्णिमाला रोज दोन द्या, सकाळी एक आणि रात्री एक.

तुमची,
बेबी


मेडशी,
२ मे २०२४

सौ. बेबीबाईंना भागिरथाचा जय भीम.

डबा पोचला. लाडू खाऊन संघपालचे बाबा दोन दिवस मिशीला हात पुसत होते. तुमच्या जावयाने, संघपालने, मोटरसायकलवरून शेतात जाताना चार खिशात टाकले, त्यातला एक शर्टासकट धुतला गेला. रूपा वाशिमहून आली होती, तिने जाताना अर्धा डबा उचलला. माझी पोरगी म्हणजे सासरी जायच्या आधीच माहेर लुटणारी आहे. तुमच्या लेकीला रोज दोन मिळाले की नाही ते तिलाच विचारा.

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. आमच्या घराची रीत सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आमच्याकडे तूर घरची. डाळ मी जात्यावरच भरडते. डाळ आम्हाला, चुरी शेळीला, आणि जो कळणा उरतो त्याची भाकर. कळण्याची भाकर, तेल आणि ठेचा तुमच्या लेकीने पहिल्यांदा खाल्ला त्या दिवशी तिने चौथी भाकर मागितली, पीठ संपलं म्हणून थांबली. तुरीच्या काड्यांचा खराटा, त्याच काड्यांवर अंघोळीचं पाणी. भांडी घासलेलं पाणी केळीला, तांदळाचं धुवण शेळीला. फाटका टॉवेल आधी हात पुसायला, मग पाय पुसायला, मग चुलीवरचं उतरवायला. पौर्णिमा ब्लाउज शिवते त्याची कातरण फेकायची असते हे मला माहीतच नव्हतं, तिलाही आता माहीत नाही.

आणि दिवा एक. संध्याकाळी सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचं. हे रेडिओ लावतात, संघपाल मोबाईल बघतो, आम्ही सासू-सुना तांदूळ निवडतो. पहिल्या आठवड्यात पौर्णिमा तिच्या खोलीत जाऊन बसायची. आता तीच ओरडते, "चला, दिवा लागला!"

तुमच्या लेकीने माझ्या घरात हसणं आणलं, बेबीबाई. रूपा शिकायला गेल्यापासून या घरात मी एकटीच बोलायची. मी तुमची किती ऋणी आहे ते लिहायला कागद पुरायचा नाही.

उकंडराव दारात हॉर्न वाजवून राह्यले, थांबते. आमच्याकडून डबा रिकामा जात नाही. आत काय आहे ते उघडल्यावर दिसेलच.

भागिरथा


जऊळका रेल्वे,
२० मे २०२४

सौ. विहीणबाईंना सप्रेम जय भीम.

डबा मिळाला. उघडल्यावर दिसलं.

आमच्या डब्याचं बूड जरा काळं होतं हे मला मान्य आहे. लाडवाचं बेसन भाजताना मी तो गॅसजवळ ठेवला होता. पण भांडी कशी घासावीत हे मला आईने शिकवलं आहे, आणि आम्ही आता राखेने घासत नाही. बाजारात भांड्याची वडी मिळते. तुम्हाला माहीत नसेल तर डब्यातून दोन पाठवते आहे.

डबा घासून पाठवला आहे, त्यात तोंड दिसेल.

पौर्णिमाला आशीर्वाद.

बेबीबाई


मेडशी,
६ जून २०२४

प्रिय बेबीबाई,
जय भीम.

तुमच्या मायेला काय म्हणावं! तीस वर्षं राखेने भांडी घासून माझ्या बोटांना भेगा पडल्यात, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. मी कोणाला बोलले नव्हते. पौर्णिमाने पाहिलं असणार आणि तुम्हाला सांगितलं असणार. माझ्या हातांची काळजी आजवर कोणी केली नाही हो. वडीचे चार चार तुकडे केले, एकेक तुकडा जुन्या मोज्यात बांधला, तेवढ्यात पंधरा दिवस निघतात. भेगा भरत आल्या. रोज भांडी घासताना तुमची आठवण काढते.

आता एक अडचण सांगते. मागच्या आठवड्यातल्या वादळात मागच्या खोलीवरचा टिनाचा पत्रा उडाला. खाली फळीवर वालाच्या बियाण्याचं गाडगं होतं. त्यात पाणी शिरलं. मला चार दिवसांनी कळलं तोवर राखेचा चिखल आणि बी फुगून सडलेलं. एक दाणा हाती लागला नाही. संघपालचे बाबा म्हणाले, "कायले रडतं? अर्धं तं तू इहीनीले देलं नं." तेव्हा जिवात जीव आला. तुम्ही लावून उरलं असेल तर मूठभर पाठवा. राख चाळली की खाली काळं बी सापडेल, तोंडाला पांढरी रेघ असलेलं.

हे बी बाजारात मिळत नाही. ह्या वालाच्या शेंगेची कड जांभळी असते. माझ्या आईला शेत नव्हतं. गावकुसाबाहेर एक झोपडं, त्यावर हा वेल चढवलेला. हिवाळाभर त्याच्या शेंगा, उन्हाळाभर त्याचे वाळले दाणे. आम्ही पाच भावंडं त्या छपरावर जगलो म्हणा. आई बी राखेत ठेवायची, कीड लागत नाही. आणि तिची एक रीत होती. माझ्या भावाला बायको आणली तेव्हा तिने सुनेच्या आईकडे ह्याच वालाचं बी राखेत घालून पाठवलं. म्हणायची, ज्या घरून लेक आणली त्या घरी तिच्या जागी काही तरी उगवलं पाहिजे. म्हणून तुमच्याकडे निम्मं पाठवलं.

तुमच्या दारात वेल कुठे चढवला ते कळवा.

तुमची,
भागिरथा


जऊळका रेल्वे,
१४ जून २०२४

सौ. भागिरथाबाईंना सप्रेम जय भीम.

बी सगळंच लावून टाकलं, उरलं नाही. माफ करा. शेंगा लागल्या की बी पहिलं तुम्हालाच.

एक विचारायचं होतं. वालाचं रोप लहान असताना कसं दिसतं? इकडे आजूबाजूला बरंच काही उगवतं, त्यात ओळखू येत नाही. मी क्वार्टरमध्ये वाढलेली, मला फक्त कुंडीतली तुळस आणि कोरफड कळते. लवकर कळवा.

डब्यात शेवया आहेत.

बेबी


मेडशी,
२८ जून २०२४

प्रिय बेबीबाई,
जय भीम.

शेवयांचा उपमा केला, पौर्णिमा म्हणते मायच्या हातचा वास येतो.

सगळं बी लावलंत हे वाचून इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. माझ्याकडे गेलं तरी ते कुठे तरी मातीत आहे. आईचं संपलं नाही. सडलेलं बी पाहिलं त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नव्हतं, कोणाला सांगितलं नाही.

रोपाचं विचारलंत. तीन पानं असतात, सोयाबीनसारखीच. लोक फसतात. हात लावून बघा. सोयाबीनच्या पानाला आणि दांड्याला लव असते, हाताला खरखर लागते. वालाचं पान त्यापेक्षा गुळगुळीत आणि रुंद. आणि तो सरळ उभा राहत नाही, शेजाऱ्याला धरायला बघतो. वेगळं काही नको, भांडी विसळलेलं पाणी घाला, त्याला चालतं. मांडवाला तुराट्या हव्या असतील तर संघपालबरोबर भारा पाठवते.

पावसाळा सरून वर्षावास संपला की पौर्णिमाला घेऊन मी स्वतः येते. तुमच्या दारातला वेल मला बघायचा आहे.

भागिरथा


जऊळका रेल्वे,
१ ऑगस्ट २०२४

सौ. भागिरथाबाई,
जय भीम.

हे पत्र मी तीनदा लिहून खोडलं. तुम्ही कागद वाया घालवत नाही, म्हणून चौथ्यांदा मागच्या बाजूला लिहिते आहे.

मी तुमच्याशी खोटं बोलले. बी मी लावलं नव्हतं. तुमचा डबा उघडला, वर राख दिसली आणि माझं डोकं फिरलं. मला वाटलं, ही बाई मला सांगते आहे की तुमच्या लेकीला आणि तुम्हाला भांडी घासता येत नाहीत. मागच्या उकिरड्यावर डबा पालथा केला. राख उडत होती म्हणून तोंडसुद्धा फिरवलं, आत काय आहे बघितलं नाही. भांड्याच्या वड्या मी तुम्हाला टोमणा म्हणून पाठवल्या होत्या. आणि तुम्ही लिहिलंत की तुमच्या भेगा भरल्या.

त्याच पत्रात पुढे बियाण्याचं वाचलं तशी मी उकिरड्याकडे धावले. उकिरडा नव्हताच. मे महिन्यात शेजारच्या उदयसिंगने खत म्हणून ट्रॉली भरून नेला होता आणि त्याच्या वावरात पसरून वखरलाही होता. वर सोयाबीन पेरणार. मी त्याच्या दारात जाऊन रडले. त्याला काही कळेना. म्हणाला, "बाई, उकिरड्यात दागिना गेला का?" मी म्हटलं, दागिना गेला असता तर सोडून दिला असता.

चांगला माणूस आहे. खत जिथे पडलं ती बांधाजवळची पाच तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, त्याने मला दाखवली. तो तणनाशक मारणार होता. मी हात जोडले, तेवढी तासं सोड, मी हाताने निंदते. आयुष्यात विळा धरला नव्हता मी. निंदणाऱ्या बायका हसून हसून लोळल्या. "गँगमनची बायको निंदाले आली वं!" चार दिवस वाकून एकेका पानाला हात लावला. खरखरीत, खरखरीत, खरखरीत. तुमचं पत्र ब्लाउजमध्ये होतं. पहिले दोन दिवस एक दिसला नाही. पौर्णिमाचे बाबा म्हणाले, चल घरी, विहीणबाईंना खरं सांगून टाक. मला तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बांधाच्या कडेला एका पानावर हात गेला आणि तो घसरला. गुळगुळीत. त्याने सोयाबीनच्या झाडाला विळखा घातला होता. त्याच्या पुढे हातभर अंतरावर अजून एक. चौथ्या दिवशी तिसरा. संपलं, तीनच आहेत. दोन तिथेच बांधाला काठ्या रोवून बांधलेत. उदयसिंग म्हणाला, "सोयाबीन निंघालं तरी मी ह्याले हात लावत नाई." एक मी मातीच्या गड्ड्यासकट घरी आणला, मागच्या दाराशी लावला. आठ दिवस मान टाकून होता, आता उभा राहिला आहे.

पौर्णिमाला यातलं काही माहीत नाही. माझा राग तिच्यावर काढू नका एवढीच विनंती. तुम्ही वाटेल ते बोला, मी ऐकून घेईन. तुमच्या आईचं बी मी उकिरड्यावर टाकलं.

बेबी


मेडशी,
९ ऑगस्ट २०२४

प्रिय बेबी,

आजपासून "बाई" लावत नाही, चालेल ना?

तुझं पत्र वाचून मी आधी रागावले, खोटं कशाला सांगू. शेळीला चारा टाकायला गेले तर शेळीवर ओरडले. मग पुन्हा वाचलं, ते खरखरीत, खरखरीतपर्यंत आले आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. पौर्णिमा विचारत होती काय झालं, मी म्हटलं कांदा. समोर कांदा नव्हता.

आता माझं ऐक. चूक तुझी एकटीची नाही. तुझ्या लाडवांचा मला राग आला होता. रोज दोन द्या, सकाळी एक, रात्री एक! म्हणजे भागिरथाच्या घरी सून उपाशी असते असंच ना? मी गोड गोड लिहिलं, पण मनात रुसले होते. राखेत बी आहे, पाऊस पडायच्या आत लाव, एवढ्या दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? उकंडराव चहा पिऊन जा म्हटलं तर तासभर थांबणारा माणूस. मला लिहायचं नव्हतं. वाटलं, इतकी सुगरण आहे तर तिचं तिला कळेल. काटकसरीने राहते मी, पण दोन ओळींची काटकसर नको होती. ती मला महागात पडली आणि तुला कंबरेत.

तीन वेल खूप आहेत. माझ्या आईने एका वेलापासून सुरुवात केली होती. माझ्या माहेरच्या बियाण्यासाठी चार दिवस परक्या वावरात कोणी वाकलं असेल असं मला नाही वाटत. मीसुद्धा पत्रा उडाल्यावर नुसती रडत बसले होते.

उदयसिंगला माझ्याकडून कळण्याचं पीठ पाठवते, त्याच्या घरी भाकरी करून दे. तुझ्या कंबरेला एरंडेल चोळ. टोमण्याच्या वड्या आणखी असतील तर पाठव, इथे सगळ्या आयाबाया मागतात.

भागिरथा


मेडशी,
१९ जानेवारी २०२५

प्रिय बेबी,
जय भीम.

ऑक्टोबरात तुझ्या दारात वेलाखाली बसून चहा प्यायले, तो अजून जिभेवर आहे. तेव्हा नुसती फुलं होती. आता शेंगा वाळल्या असतील.

रूपाचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याला तलाठी आहे, माणसं चांगली आहेत, लग्न मार्चमध्ये, पौर्णिमाच्या लग्नासारखंच साधं. मी फार आनंदात आहे. रूपा परवा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, तिथं दुधाचं भांडं इसळून कणकीत टाकलं तं हसतीन का गं मले?" मी म्हटलं, हसू दे, दोन महिन्यांत तेच टाकतील.

डाळ भरडून ठेवते आहे, गोधड्या शिवते आहे. पौर्णिमा रात्रंदिवस मशीनवर असते, तिच्यामुळे माझं ओझं अर्धं झालं. पण काल संध्याकाळी दिवा लावला, सगळे येऊन बसले, आणि मी रूपाचं ताट वाढून बसले. ती वाशिमला होती. चार वर्षं ती वाशिमलाच आहे. काल पहिल्यांदा असं झालं.

इतकंच. थंडी जप.

भागिरथा


जऊळका रेल्वे,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय भागिरथा,
जय भीम.

रूपाला आणि जावयाला मंगल कामना. आम्ही दोघं आठ दिवस आधी येतो. मला कामाला लाव, आता मला विळाही धरता येतो.

माझ्याकडे काय काय बदललं ते ऐकून तू हसशील. पंखा मी बंद करते. दुधाचं भांडं विसळते. पौर्णिमाच्या बाबांनी विचारलं, "तुले इहीनीची हवा लागली का?" मी म्हटलं, लागली, उशिरा लागली.

तुझ्या आईची ती गोष्ट मी खूप दिवस मनात घोळवली. ज्या घरून लेक आणली त्या घरी तिच्या जागी काही तरी उगवलं पाहिजे. भागिरथा, तुझ्यापासून लपवत नाही, पौर्णिमाची जागा वेलाने भरली नाही. ती भरत नाही. पण सकाळी उठल्यावर घरात कोणाला हाक मारावी कळत नाही, तेव्हा मी विसळलेल्या पाण्याची बादली घेऊन मागच्या दाराशी जाते. तिथे कोणी तरी माझ्या पाण्याची वाट बघत असतं. ह्यासाठी मी तुझे आणि तुझ्या आईचे किती आभार मानू?

तीन वेलांना मिळून पायलीभर शेंगा वाळल्या. जांभळी कड अगदी तू लिहिली होतीस तशी. मूठभर बी मी ठेवलं, मूठभर उदयसिंगच्या बायकोने मागून नेलं. बाकी सगळं ह्या डब्यात आहे, चुलीची राख शेजारून मागून आणून चाळून घातली. वर कागद ठेवला आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "आत बी आहे." दोन ओळींची काटकसर मी करत नाही.

हे तुझंच बी तुला परत करते असं समजू नको. रूपा ज्या घरी जाते आहे त्या अकोल्याच्या माणसांना ही रीत ठाऊक नसणार, ते तुझ्याकडे काही पाठवणार नाहीत. म्हणून मी पाठवते. पाऊस पडला की रूपाच्या जागी लाव.

आणि डब्यात काय घालून पाठवू म्हणून डोकं चालवत बसू नकोस. लेक सासरी पाठवणाऱ्या घरातून तो एकदा रिकामा आला तरी चालेल.

तुझी,
बेबी